आपण मुलांच्या दुपारी हिरावून घेतल्या आहेत

पारंब्या :

माझा जन्म १९७५ चा. बालपण सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलं. आमचं लहानपण आजच्या मुलांपेक्षा चांगलं होतं असं माझं ठाम मत आहे. गारेगार, लिमलेटच्या गोळ्या, शेजाऱ्यांकडे टीव्ही बघायला होणारी गर्दी यावर भरपूर लिहून झालंय, त्याबद्दल मला बोलायचं नाही. मला बोलायचंय ते दुपारबद्दल.

एप्रिलमध्ये परीक्षा संपली की जेवणं उरकून मोठी माणसं आडवी व्हायची, आणि तिथून दिवेलागणीपर्यंत आम्ही कुठे आहोत हे घरात कुणालाच माहीत नसायचं. गावाबाहेरच्या वडावर सूरपारंब्या चालायच्या. ज्याच्यावर राज्य तो काठी आणायला पळाला की बाकीचे सरसर फांद्यांवर. कोण आऊट यावरून रोज भांडण. ते मिटवायला ना सर, ना शिट्टी. अर्धा तास भांडून कुणीतरी म्हणायचं, 'जाऊ दे, परत राज्य घेतो,' आणि खेळ पुढे सुरू. कुणाचा धाकटा भाऊ मागे लागला तर तो 'कच्चं लिंबू'. खेळायचा सगळ्यांबरोबर, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही. दुबळ्याला सांभाळून घ्यायचा हा नियम आम्हाला कुणी शिकवला होता?

आज माझ्या मुलाची सुट्टी म्हणजे सकाळी पोहण्याची बॅच, अकराला अबॅकस, चारला क्रिकेटचं शिबिर. चेंडूवरून वाद झाला की दोघंही सरांकडे धावतात. दहा वर्षांच्या मुलाला स्वतःचं भांडण स्वतः मिटवता येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ही वेळ आपणच त्याच्याकडून काढून घेतली. तुम्हाला काय वाटतं?

हापसा :

मीही ७५ चीच, बीड जिल्ह्यातली. तुमचं 'घरात कुणालाच माहीत नसायचं' हे वाक्य मी दोनदा वाचलं. मी कुठे आहे हे घरात सगळ्यांना माहीत असायचं. हापशावर.

मे महिन्यात हापशाला पाणी कमी. हंडे, घागरी, डबे ओळीत लावून ठेवायचे आणि नंबर जाऊ नये म्हणून तिथेच बसायचं. वीस-पंचवीस वेळा दांडा हाणला की लाल पाण्याची एक बारीक धार यायची, मग परत खडखडाट. थांबायचं. आत पाणी साचलं की पुन्हा हाणायचं. चार हंड्यांना अख्खी दुपार जायची. संध्याकाळी कंदिलाच्या काचा पुसायच्या, तेही माझ्याकडेच, कारण मोठ्यांचा हात काचेत जात नाही. राख लावलेलं फडकं बोटाला गुंडाळून आतून फिरवायचं. दोन वेळा काच हातात फुटली. उजव्या अंगठ्याखाली त्याचा वण अजून आहे.

खेळले मीही. सागरगोटे. का, तर तो उंबऱ्यात बसून, मांडीवर धाकटा भाऊ निजवून खेळता येणारा खेळ होता. थोरला भाऊ तेव्हा तुमच्यासारखाच झाडावर असायचा. आजही तो 'काय दिवस होते ते' म्हणाला की मी उठून आत जाते.

चौसोपी :

ताई, तुमचं दुःख समजलं, पण सगळीकडे असं नव्हतं. आम्ही पुण्यात वाड्यात वाढलो. चौदा बिऱ्हाडं, मुलगे-मुली मिळून डबा ऐसपैस आणि लगोरी खेळायचो, आणि अंधार पडल्यावर सगळ्यांनाच एकदम हाका यायच्या. मूळ मुद्द्याशी मी शंभर टक्के सहमत आहे. तेव्हा शेजारच्या काकूही आम्हाला हक्काने रागवायच्या. आज मुलांना शेजाऱ्यांची नावंसुद्धा माहीत नसतात.

पायविहीर :

मी आरोग्य खात्यात नोकरी केली, सुरुवातीची बरीच वर्षं मराठवाड्यात. त्या दुपारींबद्दल मला वेगळंच आठवतं. नारू.

आज तिशीत असलेल्यांना हा शब्दही माहीत नसतो. पायऱ्यांच्या विहिरीत माणसं उतरून पाणी भरायची. ज्याच्या पायाला नारूचा फोड आलेला असेल तो पाण्यात उतरला की फोड फुटून त्यातून जंताची पिल्लं पाण्यात. तिथे ती बारीक पाणकिड्यांच्या पोटात जायची, ते पाणी गाळल्याशिवाय प्यालं की माणसाच्या. साधारण वर्षभराने पायातून दोन-तीन फूट लांबीचा, दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा. औषध नाही. त्याचं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं ओढायचं. घाई केली आणि तो तुटला की पाय सुजून पोर महिना-महिना अंथरुणात. सात-आठ वर्षांच्या मुलाची काडी मी स्वतः फिरवली आहे. त्याच्या घरासमोर बाकीची पोरं गोट्या खेळत होती आणि तो आवाज ऐकत पडलेला असायचा. खेळाची आठवण त्यालाही असेल, पण ती अशी.

७२ च्या दुष्काळानंतर बोअर पाडल्या गेल्या. जालना आणि सोलापूरकडे तयार झालेल्या हापशांवरून पुढे 'इंडिया मार्क टू' पंप घडला आणि गावोगाव बसला. पायविहिरी बुजवल्या किंवा त्यांना कठडे बांधले, लोकांना पाणी गाळून प्यायला शिकवलं. देशातला शेवटचा नारूचा रुग्ण जुलै १९९६ मधला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. हापसा ताई, ज्या दांड्याने तुमची दुपार खाल्ली त्यानेच कितीतरी मुलांचे पाय वाचवले, हेही सांगावंसं वाटतं.

आणखी एक आकडा. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२९ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. २०२० मध्ये हा आकडा २८ होता. 'आमच्या वेळी कुठे काय झालं, वाढलोच ना आम्ही' असं कुणी म्हटलं की मला त्या १२९ घरांची आठवण येते. जी मुलं वाढली नाहीत ती इथे लिहायला येणार नाहीत.

लालबाग :

मुंबईच्या गिरणगावातून थोडं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. पहिल्या उन्हाळ्यात वडील दिवसभर घरी, त्यांनी आम्हाला पतंगाचा मांजा करायला शिकवलं. माझ्या बालपणातली ती सगळ्यात सुंदर सुट्टी. आई तेव्हा गळ्यातलं एकेक करून गहाण टाकत होती, हे मला फार नंतर कळलं. पुढच्या वर्षी थोरल्या भावाची शाळा सुटली, तो एका कारखान्यात लागला आणि मला कोकणात आजीकडे पाठवलं.

तरी ती सुट्टी खोटी होती असं मी म्हणणार नाही. मांजाने कापलेली बोटं माझीच होती.

पारंब्या :

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. हापसा ताईंचं लिहिणं मनातून जाईना, म्हणून काल रात्री माझ्या मोठ्या बहिणीला फोन केला. तिला विचारलं, आपण वडावर असायचो तेव्हा तू कुठे असायचीस? ती म्हणाली, 'तू वडावर असायचास. मी घरी. दिवे लागले की तुला आणायला मलाच पाठवायचे, तुला आठवत नाही?' मला आठवत नव्हतं. म्हणजे मी कुठे आहे हे घरात एका माणसाला रोज माहीत होतं. ते वाक्य मी मागे घेतो.

पायविहीर, लसी आणि पाणी हे कमावलेलं आहे, ते गेलेलं मला नकोच. पण माझा मुद्दा मी सोडत नाही. आता घरात नळ आहे, कंदील गेला, नारू गेला. म्हणजे मुलांच्याच नव्हे तर मुलींच्याही दुपारी आता मोकळ्या व्हायला हव्या होत्या. इतिहासात पहिल्यांदा हापशावर न बसलेली मुलगी वडावर चढू शकली असती. आणि नेमकी तेव्हाच आपण तिला क्लासला बसवली.

हापसा :

बहिणीला विचारलंत, बरं वाटलं.

पण क्लासबद्दल माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे आणि ते बदलणार नाही. सातवीनंतर पुढची शाळा पाच कोसांवर होती, म्हणून माझं शिक्षण थांबलं. माझ्या मुलीने गणिताचा क्लास लावला तेव्हा तिची फी भरताना मला जो आनंद झाला, तो कुठल्याही झाडावर चढून झाला नसता. तुम्ही ज्याला दुपार हिरावणं म्हणता ते माझ्यासाठी तिला दुपार देणं होतं. मात्र रविवारी तिचा कोणताच क्लास नसतो आणि त्या दिवशी मी तिला एकही काम सांगत नाही. गेल्या रविवारी तिने मला सागरगोटे शिकवायला लावले. मी आठ वेळा झेलले, ती दोनदा.

तुमच्या ताईंना एक विचारून सांगा. तुम्हाला आणायला वडाखाली आल्यावर त्या कधी वर चढल्या होत्या का?