एकाच मेलात तीनदा 'लाइन', तिन्हींचा अर्थ वेगळा?

केळीची_कारकून (रावेर)

नमस्कार मंडळी. मी रावेरजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये कागदपत्रांचं काम बघते. केळीचा माल आखातात जातो. घड कापण्यापासून कंटेनरला सील लागेपर्यंतचं बाकीचे बघतात. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि गिऱ्हाइकाच्या मेलांना उत्तरं देणं माझ्या गळ्यात. शिक्षण सगळं मराठी माध्यमातलं. इंग्रजी वाचता येतं, कामापुरतं लिहिताही येतं, पण आज सकाळी दुबईहून जो मेल आला त्याने पार घोळ घातला. शब्द असे आहेत: 'किंडली चेक लाइन थ्री, कन्फर्म विथ द लाइन, अँड ड्रॉप मी अ लाइन.'

आता यातली कुठली लाइन तपासायची, कुठल्या लाइनला विचारायचं आणि कुठली लाइन खाली टाकायची? शेठना विचारलं तर म्हणाले, 'लाइन म्हणजे लाइन, त्यात काय विचारायचं.' डिक्शनरी उघडली तर अर्थांची यादी खाली खाली जातच राहिली.

दुसरी अडचण. परवा रात्री लाइन नव्हती म्हणून प्रीकूलिंगला, म्हणजे माल कंटेनरमध्ये भरण्याआधी थंड करायला, चार तास उशीर झाला, ते त्याला कळवायचंय. आमच्या गावात 'वीज गेली' असं कोणी म्हणत नाही. 'लाइन गयी' आणि 'लाइन उनी का?' (आली का?) एवढंच. 'नो लाइन' असं लिहिलं तर त्याला कळेल ना? संध्याकाळपर्यंत उत्तर पाठवायचंय.

ठिबकवाला_यावल

ताई, आमच्या धंद्यात मेन लाइन, सबमेन आणि झाडाच्या बुंध्याशी जाते ती लॅटरल. गडीमाणसं तिघींनाही लाइनच म्हणतात. मागे एकाचा फोन आला, 'भाऊ, लाइनचा घोळ झालाय, लवकर या.' मी जॉइनर, पाना, टेफ्लॉन टेप सगळं घेऊन मळ्यात पोचलो, तर वरची तार तुटून पडलेली. आता पहिला प्रश्न हाच विचारतो, पाण्याची का विजेची? तुमच्या मेलाचं मला काही सांगता यायचं नाही, पण दुखणं ओळखीचं आहे.

जिभाऊ_भुसावळ

बेटा, मी रेल्वेत गार्ड होतो. सगळी नोकरी लाइनीवरच गेली, तेव्हा या शब्दावर थोडा हक्क सांगतो.

डिक्शनरीतले अर्थ पाठ करू नकोस, आयुष्य पुरायचं नाही. शब्दाच्या आधी काय आहे ते बघ. तुझ्या मेलात सगळी चावी तिथेच आहे. पहिल्या लाइनच्या आधी काहीच नाही आणि नंतर आकडा आहे. असं असलं की तो कागदावरचा क्रमांक. इन्व्हॉइसमध्ये एकाखाली एक नोंदी असतात ना, फाइव्ह एच (पाच फण्यांचे) इतके बॉक्स, सिक्स एच (सहा फण्यांचे) इतके बॉक्स? त्यातली तिसरी नोंद. त्यालाच लाइन आयटम म्हणतात. तिथे बॉक्सची संख्या नाहीतर वजन जुळत नसेल, ते बघ आधी.

दुसऱ्या लाइनच्या आधी 'द' आहे. 'द' म्हणजे तुला आणि त्याला दोघांना माहीत असलेली, ठरलेली. मालाच्या धंद्यात 'द लाइन' म्हटलं की शिपिंग लाइन, म्हणजे ज्या कंपनीच्या जहाजावर तुमचा रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा, कंटेनर चढणार ती. ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळी जहाजं सोडणारी कंपनी म्हणून लाइन. विमानवाल्यांची एअरलाइन तीच.

तिसरीच्या आधी 'अ' आहे. कुठलीही एक, लहानशी. 'ड्रॉप मी अ लाइन' म्हणजे दोन ओळी लिहून कळव. टाकायचं-बिकायचं काही नाही.

आमच्याकडे एकेका लाइनचा अर्थ चुकला की गाडीच चुकायची. अप लाइन, डाऊन लाइन, लूप लाइन तर सगळ्यांना ठाऊक असतात. पण 'लाइन क्लिअर' म्हणजे रूळ साफ आहे असं नव्हे. एका स्टेशनाने पुढच्या स्टेशनाकडे गाडी सोडायची परवानगी मागायची आणि त्याने ती द्यायची, त्या परवानगीचं नाव लाइन क्लिअर. ती मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही. आमच्या लोखंडी पेटीचं नाव लाइन बॉक्स. झेंडी, दिवा, डिटोनेटर (धोक्याच्या इशाऱ्यासाठी रुळावर लावायचे फटाके), नियमांची पुस्तकं सगळी तिच्यात. आणि मध्य रेल्वेत मुंबईपासून दूर जाणारी ती डाऊन, म्हणजे मला 'डाऊन द लाइन' म्हटलं की अकोला, नागपूरच दिसायचं. इंग्रजीत त्याचा अर्थ 'पुढे कधीतरी'. तुझ्या गिऱ्हाइकाने 'वुई विल इन्क्रीझ ऑर्डर्स डाऊन द लाइन' लिहिलं तर लगेच शेठला पेढे मागू नकोस.

आता विजेचं. 'नो लाइन' अजिबात लिहू नको. त्याला वाटेल जहाजच मिळालं नाही. 'लाइन वॉज डाऊन' लिहिलंस तर फोन बंद होता किंवा पॅकिंगचा पट्टा बंद पडला, काहीही समजेल. सरळ 'पॉवर कट' लिही, किती वाजता गेली, किती वाजता आली तेही लिही, आणि प्रीकूलिंग संपताना केळीच्या गराचं तापमान किती होतं तेही टाक. केळी परदेशी जाताना साधारण 13-14 अंशांवर ठेवतात. तुमचा आकडा त्याच्या आसपास असेल तर तो उशिराबद्दल फार बोलणार नाही.

धुळ्याच्या_बाई

जिभाऊंनी छान समजावलं. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून एक भर घालते. 'अ' आणि 'द' बघा हे मेल वाचायला पुरेसं आहे, पण शब्द ज्या झाडाचा आहे ते झाड आपल्या ओळखीचं आहे हे कळलं की भीती जाते. लाइनचं मूळ लॅटिनमधलं 'लिनुम', म्हणजे आपलं जवस. ज्याची चटणी कळण्याच्या भाकरीबरोबर खातो तेच. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव लिनम युसिटॅटिसिमम, दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'अतिशय उपयोगी'. त्याच्या खोडाच्या धाग्याचं कापड ते लिनन. तो धागा ताणून धरला की सरळ रेघ मिळते, तिथून लाइन. आपल्याकडे सूत याच वाटेने गेलं आहे. धागाही सूत, सुताराच्या मापातला इंचाचा आठवा भागही सूत, भिंत सुतात आहे का हेही विचारतो. आणि दोघांचं सूत जुळलं असंही म्हणतो. मुलं लाइन मारतात म्हणून ओरडणाऱ्या पालकांना मी हे सांगत नाही.

त्या जवसाच्या कापडाचं अस्तर कोटाला लावत, म्हणून लाइन क्रियापद झालं की अर्थ 'आतून अस्तर लावणे'. ताई, हा अर्थ तुमच्या रोजच्या कामातला आहे. फण्या भरण्याआधी बॉक्समध्ये प्लास्टिकची पिशवी अंथरता ना, ती लायनर. आणि ठरलेल्या मार्गावर चालणारं जहाज, तेही लायनर. एक अस्तरावरून आला, दुसरा मार्गावरून. एकाच कागदावर दोन्ही येऊ शकतात.

बाकी वापरातले थोडे सांगते. 'इन लाइन विथ' म्हणजे 'च्याप्रमाणे', ठरल्यानुसार. 'होल्ड द लाइन' म्हणजे फोन ठेवू नका. 'बॉटम लाइन' हिशेबाच्या तळाची ओळ, नफा की तोटा, आणि त्यावरून 'मुद्द्याची गोष्ट'. 'आउट ऑफ लाइन' मात्र जपून. 'तुमचे दर आउट ऑफ लाइन आहेत' म्हणजे बाजाराशी जुळत नाहीत, पण 'तुम्ही आउट ऑफ लाइन आहात' म्हणजे मर्यादा सोडून बोललात. मेलात दुसरं दिसलं तर उत्तर शेठना लिहू द्या. आणि आपण विचारतो ना, 'पोरगा कुठल्या लाइनमध्ये आहे?', ते इंग्रजीतही जसंच्या तसं चालतं. उगाच लाजायचं कारण नाही.

डेडलाइनचा उगम मात्र वाईट आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1864 च्या सुमारास, युद्धकैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या आत एक रेघ आखलेली असे. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. वेळेच्या मुदतीला तो शब्द पुढे अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांच्या धंद्यातून आला.

ठिबकवाला_यावल

बाई, म्हणजे ताईंची आज संध्याकाळची डेडलाइन आहे ती साधीच समजायची ना?

केळीची_कारकून (रावेर)

जिभाऊ, बाई, दोघांचे आभार. तिसरी नोंद पाहिली. सिक्स एचच्या बॉक्सची संख्या पॅकिंग लिस्टमध्ये एक आणि इन्व्हॉइसमध्ये दुसरीच होती. दुरुस्त केली. शिपिंग लाइनच्या एजंटालाही फोन केला, बुकिंग पक्कं आहे.

विजेचं असं लिहिलंय: 'देअर वॉज अ पॉवर कट फ्रॉम इलेव्हन पीएम टू थ्री एएम, सो प्रीकूलिंग वॉज डिलेड बाय फोर अवर्स.' खाली गराच्या तापमानाचा आकडा. शेवटी त्याने पिशव्यांबद्दल मागे विचारलं होतं, म्हणून 'ऑल कार्टन्स आर लाइन्ड अप विथ पॉलिथीन' असं टाकलंय. बरोबर आहे का?

धुळ्याच्या_बाई

वरचं सगळं ठीक. शेवटच्या वाक्यातला 'अप' तेवढा काढा. 'लाइन्ड विथ पॉलिथीन' म्हणजे आत पिशवी अंथरली. 'लाइन्ड अप' केलंत तर तुमचे बॉक्स रांगेत उभे राहतील.