जांभळ्या पाणकोंबडीचा खरा रंग कोणता?

चितारआळी
परवा सहाशेची_लेन्स यांनी घरट्यावर बसलेल्या जांभळ्या पाणकोंबडीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'कॅमेरा असताना या पक्ष्याचं चित्र काढणं हा नुसता हट्ट आहे. चित्रकार तिचा मोर करून टाकतात. खरा रंग फोटोतच.' दोन दिवस गप्प बसले, आज राहवत नाही म्हणून लिहिते.

मी सावंतवाडीची. गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल चित्रांचे पत्ते, रंगवणाऱ्या घरात वाढले, त्यामुळे रंगावर रंग कसा चढतो ते हाताला ठाऊक आहे. या पक्ष्याला एकच असा रंग नाहीच. सकाळी ऊन तिरपं असताना छाती मोरपिशी दिसते. ढग आला की तीच छाती दौतीतल्या शाईसारखी. पाठ वळवली की जांभळी. हा निळा पिसात भरलेल्या रंगाचा नाही, पिसाच्या बारीक घडणीवरून उजेड परततो त्याचा आहे. पक्षी हलला की रंगही हलतो. तुमचा फोटो त्यातला सेकंदाचा हजारावा भाग उचलतो आणि तेवढाच खरा म्हणून सांगतो. मी खाली काळपट हिरवा देते, तो सुकला की अल्ट्रामरीन या गडद निळ्याचा पातळ हात, त्यावर कडेकडेने जांभळा. तीन थर दिले तर कुठे त्या पिसाजवळ जाता येतं.

आणि नुसता रंगच का धरून बसायचं? गेल्या वर्षी एकाच तळ्यावर चार सकाळी बसले. तिने पाणकणसाचा कोंब चोचीने उपटला, मुठीत धरावा तसा पायाच्या लांब बोटांत धरला, साल सोलून टाकली आणि आतला पांढरा गाभा तेवढा खाल्ला. दर पावलाला शेपटी झटकत होती आणि खालची पांढरी पिसं लुकलुकत होती. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकातच लिहून ठेवलंय की हा पक्षी पाय हातासारखा वापरतो. रोमन लोक तिला खायला नाही, शोभेला पाळत. पोम्पेई या रोमन शहरात भिंतींवर रंगवलेल्या बागांत ती आहे. इ.स. ७९ मध्ये त्या भिंती ज्वालामुखीच्या राखेखाली गेल्या, तरी आज आपण तिला ओळखतो. त्या चितार्‍याला हट्टी म्हणायचं का?

सहाशेची_लेन्स
ताई, माझा रोख बाजारात विकल्या जाणाऱ्या चित्रांवर होता. त्यात डोकं सरसकट गर्द निळं असतं. आपल्याकडच्या पक्ष्याचं डोकं करडं. शास्त्रीय नावातलं पोलिओसेफॅलस म्हणजेच करड्या डोक्याचा, आणि ते लॅथम या इंग्रज पक्षितज्ज्ञाने १८०१ मध्ये दिलेलं आहे. पूर्वी स्पेनपासून ऑस्ट्रेलियापर्यंतचे सगळे एकाच जातीत धरायचे, आता वेगळे धरतात. युरोपातल्या पक्ष्याचा फोटो समोर ठेवून काढलेलं चित्र 'कोकणचं पाखरू' म्हणून एका हॉटेलात टांगलेलं मी स्वतः पाहिलंय. मालकाला सांगितलं तर तो म्हणाला, गिर्‍हाईकाला आवडतं. याची चीड येऊ नये का?

चितारआळी
डोक्याचं मान्य. माझ्या पहिल्या दोन चित्रांतही डोकं निळंच आहे, कारण तेव्हा मी पक्षी पाहिला नव्हता, पुस्तक पाहिलं होतं. पण तुमच्या फोटोत कपाळावरची लाल ढाल बघा. नुसता लाल डाग झालाय, आतला एकही बारकावा उरलेला नाही. आणि पाठीचा निळा इतका चढवलाय की भोवतीचं गवतसुद्धा निळसर दिसतंय. मोर कोणी केला मग?

सहाशेची_लेन्स
लाल रंग सेन्सरवर लवकर फुटतो, हे खरं आहे. एक्स्पोजर अर्धा स्टॉप खाली, म्हणजे उजेड थोडा कमी घ्यायला हवा होता. निळा मी चढवला, तोही एका कारणाने. दोन वर्षांपूर्वी माझा फोटो एका कॅलेंडरवर छापला, तर पक्षी धुतलेल्या पाटलोणीसारखा मळकट आला. छापखान्याच्या चार शायांत हा जांभळा बसत नाही. तेव्हापासून मी आधीच थोडा जास्त ठेवतो. याला तुम्ही खोटेपणा म्हणणार असाल तर म्हणा.

उरणची_पाखरं
रंगाचं जरा बाजूला ठेवा. फोटोचा उजवा कोपरा मोठा करून बघितला का कोणी? लव्हाळ्याचे बुडखे दिसतायत. सगळे एका उंचीचे आणि तिरपे, म्हणजे कोयत्याने कापलेले. ही पाणकोंबडी पावसाळ्यात भर गवतात, पाण्यावर काड्यांचा ढीग रचून घरटं करते. ते चारी बाजूंनी झाकलेलं असतं. इतकं मोकळं घरटं मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. कोणी कापलं?

सहाशेची_लेन्स
मी नाही. बरोबर गावातला एक पोरगा होता, त्याने समोरच्या चार काड्या बाजूला केल्या. फोटो घेतला आणि दहा मिनिटांत आम्ही निघालो.

उरणची_पाखरं
चार काड्या? बुडखे मी मोजलेत, चौदा दिसतात. आमच्याकडच्या एका तलावावर अशाच एका टोळीने घरट्यापुढचं गवत साफ केलं होतं. सकाळी पाच अंडी होती, फिकट बदामी, तांबूस ठिपक्यांची. संध्याकाळी मी गेलो तर कावळे उडाले आणि खाली टरफलं. मादी दोन हातांवर नुसती फिरत होती. उरणकडचं पाणजे, भेंडखळ, एकेक पाणथळ भरावाखाली जाताना आम्ही बघितलंय. जे उरलंय तिथे आता तुम्ही कोयते घेऊन येता. आणि इथे वाद कसला, तर निळा किती चढवायचा!

सहाशेची_लेन्स
तोंड सांभाळून लिहा. भराव मी टाकला नाही. माझे फोटो बघून चार माणसं पक्षी ओळखायला लागली आहेत. घरी बसून बुडखे मोजणं सोपं असतं.

उरणची_पाखरं
घरी बसून? पंधरा वर्षं दर रविवारी चिखलात उभा असतो. पायाला चिखल्या झाल्या म्हणून चार सुट्ट्या घेतल्या असतील, तेवढ्याच.

बांधावरचा
मी कुडाळकडचा, भात लावणारा. तुमचं सगळं वाचलं. तुमका दिसता रंग, आमका दिसता तरवो, म्हणजे भाताची रोपं. लावणी झाली की आठ दिवसांत ही पाखरं तळ्यातून वर येतात. कोवळी रोपं उपटतात, पात्यावर पाय देऊन आडवी करतात. गेल्या वर्षी तळ्याकडचा अख्खा कोपरा दुसऱ्यांदा लावला. बायको दिवसभर डबा वाजवत बांधावर उभी होती. हा फोटो कोणी काढत नाही, हे चित्रही कोणी काढत नाही. लोकांना ती पाण्यातच हवी असते, मागे कमळ असलेली.

आता गवताचं. तळ्याकाठचं गवत असेपर्यंत ती तिथेच चरते. तिथलं कापलं, जाळलं की थेट शेतात येते. आमच्या इथे एका वर्षी काठ साफ केला, त्याच वर्षी नुकसान सगळ्यात जास्त झालं. तेव्हा कोयता चालवणाऱ्याने माझ्या तरव्याचाही विचार करावा.

चितारआळी
दादा, हे मला खरंच लागलं. माझ्या एकाही चित्रात भात नाही. कमळं मात्र तीन चित्रांत आहेत, आणि त्या तळ्यात तेव्हा कमळ नव्हतंच, जलपर्णी होती. मीच कमळं घातली. लावणीनंतर तुमच्या बांधावर बसू द्याल का? रोपं उपटतानाच काढायची आहे. पाहिलं तेवढंच काढीन.

बांधावरचा
या. सकाळी सहाच्या आत यायला लागेल, उन्हं वर आली की ती आत शिरतात. बसायला पाट देतो. गवताला हात लावायचा नाही आणि पाखराच्या मागे चिखलात उतरायचं नाही, रोपं तुडवली जातात. लेन्सवाल्यांनाही हेच सांगणं.

उरणची_पाखरं
गावाचं नाव मात्र इथे लिहू नका, हात जोडतो. पुढच्या रविवारी दहा गाड्या उभ्या राहतील.

सहाशेची_लेन्स
फोटो काढून टाकलाय. त्या पोराला पुन्हा फोन केला, तो म्हणाला की कापलेलं गवत त्याने गुरांना नेलं. म्हणजे चार काड्या नव्हत्या, भारा होता. मी व्ह्यूफाइंडरमध्ये होतो, मागे वळून पाहिलं नाही. उद्या तिथे जाऊन लांबूनच बघतो, मादी घरट्यावर आहे की नाही.

चित्राबद्दलचं माझं मत अजून तेच आहे.

उरणची_पाखरं
दुर्बिणीने बघा. आणि असेल-नसेल ते इथे लिहा.