मदत हवी आहे: आईच्या अंडाशयात २४ सेंटीमीटरची गाठ

नमस्कार. आई ५८ वर्षांची, राहते साताऱ्याजवळ. वर्षभर पोट वाढत होतं. निऱ्या खोचता येईनात, दोन घासांत पोट भरायचं. आम्ही वयाचं म्हणून सोडून दिलं. ती चूक आता फार लागते. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयाची गाठ निघाली. एमआरआयमध्ये आत पडदे आणि थोडा घट्ट भाग दिसतोय, रक्ततपासणीत सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारा घटक) ७८ आहे (३५ पर्यंत नॉर्मल).

एक सर्जन म्हणतात, सुईने पाणी काढून दुर्बिणीतून करू. दुसऱ्या मॅडम म्हणतात, अजिबात नको. गाठ कॅन्सरची निघाली आणि फुटली, तर पेशी पोटात सांडतात, स्टेज वाढते. उभा छेद घेऊन गाठ अख्खी काढायची, ऑपरेशन चालू असतानाच फ्रोझन सेक्शन (गाठीचा तुकडा गोठवून लगेच कॅन्सरसाठी तपासणं) करायचं, म्हणजे पुढे काय काय काढायचं ते तिथेच ठरतं. मला हेच पटतंय.

पुणे-कराड भागात फ्रोझन सेक्शनची सोय असलेले गायनॅक ऑन्कोसर्जन (स्त्रियांच्या कॅन्सरचे सर्जन) कुणाला माहीत आहेत का? महात्मा फुले योजनेतून कुणी हे ऑपरेशन करून घेतलंय का, कागदपत्रं काय लागली? की थेट परळला टाटात न्यावं?

रात्री कूस बदलताना आई दोन्ही हातांनी पोट धरून वळते. अनुभव असेल तर आजच सांगा, प्लीज.