मदत हवी आहे : भांगलणीमुळे होणारी आईची कंबरदुखी

मिरज तालुक्यातील आमच्या हळदीच्या रानात दिवसभर वाकून भांगलण केल्यावर, म्हणजे खुरप्याने तण काढल्यावर, माझ्या ५६ वर्षांच्या आईची कंबर इतकी धरते की, संध्याकाळी धार काढून उठताना तिला गोठ्याच्या मेढीचा आधार घ्यावा लागतो. पायांत मुंग्या, बधिरपणा, ताप किंवा लघवीची तक्रार नाही. डॉक्टरांनी तपासून स्नायूंवरील ताण असल्याचे सांगितले आहे. शेकल्याने तात्पुरता आराम पडतो, पडून राहिल्याने मात्र कंबर अधिकच आखडली. हंगामात काम थांबवणे शक्य नाही, म्हणून कामाची पद्धतच बदलावी असे मला वाटते. उभ्याने ढकलत चालवायचे सायकल कोळपे (तण काढायचे चाकाचे हातअवजार) हळदीच्या सरीत, कंदांना इजा न करता, चालते का, आणि भांगलण करतानाच अधूनमधून करता येईल अशा कोणत्या व्यायामाने तुमच्या घरातील कोणाला खरोखर फरक पडला आहे?