चिकणमाती असली म्हणून निर्धास्त राहू नका

मातीच्या धरणांबद्दल एक मत असं की आतून बारीक कण वाहून जाण्याचा धोका फक्त वाळूच्या भरावाला, गाभा (म्हणजे पाणी अडवणारा मधला भाग) चिकणमातीचा असला की प्रश्नच नाही. हे मला पटत नाही. वाळूत मोठ्या कणांमधल्या पोकळ्यांतून बारीक कण निसटतात आणि मोठे कण जागेवरच राहतात, हे खरं. पण ज्या चिकणमातीत सोडियम जास्त असतं तिचे कण साध्या, संथ पाण्यातही एकमेकांना सोडतात. भरावात एखादी केसाएवढी भेग असली तरी तिची नळी व्हायला वेळ लागत नाही.

अमेरिकेतल्या आयडाहोचं टीटन धरण आठवा. गाभा वाऱ्याने साचलेल्या बारीक पोयट्याचा, तो भेगाळलेल्या खडकात खणलेल्या चरात थेट खडकाला टेकवलेला, मध्ये गाळणथर (पाणी जाऊ देणारा पण मातीचे कण अडवणारा थर) नाही. पहिल्यांदाच जलाशय भरत असताना, ५ जून १९७६ रोजी सकाळी गढूळ पाझर दिसला आणि दुपारी बाराच्या सुमारास धरण फुटलं. ११ माणसं गेली.

म्हणून माझा आग्रह गाळणथरासाठी आहे. मृदा-यांत्रिकीतले अभियंते टर्झागी यांचा जुना नियम आजही पायाभूत आहे: गाळणथराचा डी-१५ (ज्या आकारापेक्षा वजनाने १५ टक्के कण बारीक असतात तो आकार) हा मूळ मातीच्या डी-८५ च्या (तसाच ८५ टक्क्यांचा आकार) चार-पाच पटींपेक्षा मोठा नको.

आणि माती निवडण्याआधी ढेकळाची चाचणी कराच. छोटं ढेकूळ ऊर्ध्वपातित पाण्यात सोडा, भोवती सुटलेल्या कणांचा धुरकट ढग पसरला तर सावध व्हा. नळाचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्षारांमुळे हा दोष झाकला जातो.