पगार बघून पीआर (कायम वास्तव्य): ब्रिटनचा नवा प्रस्ताव तुम्हाला पटतो का?

मनवा_लीड्स
ब्रिटनच्या गृहमंत्री शबाना महमूद यांनी नोव्हेंबर 2025 मध्ये मांडलेला प्रस्ताव थोडक्यात असा. आजवर स्किल्ड वर्कर व्हिसावर पाच वर्षं झाली की आयएलआरचा, म्हणजे कायम वास्तव्याचा अर्ज करता यायचा. आता मूळ मुदत दहा वर्षं. अर्जाआधीची तीन वर्षं करपात्र कमाई 50,270 पौंडांच्या वर असेल तर पाच वर्षं कमी, 1,25,140 च्या वर असेल तर सात. पदवी न लागणाऱ्या कामांना, म्हणजे मुख्यतः केअर होममध्ये म्हाताऱ्या-आजारी माणसांची काळजी घेणाऱ्या केअर वर्करना, पंधरा वर्षं. 12 फेब्रुवारी 2026 पर्यंत लोकांची मतं मागवली होती.

माझा ठाम विरोध आहे. केअर वर्करच्या व्हिसासाठीचा किमान पगार 2025 मध्ये खुद्द सरकारनेच ठरवला: ताशी 12.82 पौंड, वर्षाला 25,000. मालक त्यावर एक पेनी चढवत नाही. या दरात माणसं बोलवायची, रात्रपाळीत अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची दर दोन तासांनी कूस बदलायला लावायची, आणि वर सांगायचं की तुमची कमाई कमी पडते? शिवाय हे सगळं आधीच येऊन राहिलेल्यांनाही लावणार आहेत.

रोखठोक
मनवाताई, कळकळ पोचली, पण मुद्दा पटला नाही. व्हिसा ही कामाची परवानगी आहे, कायम ठेवून घेण्याचा शब्द नव्हे. आयएलआर मिळालं की सरकारी भत्ते, काउन्सिलचं (स्थानिक पालिकेचं) घर, सगळ्यावर हक्क येतो. सरकारच्या अंदाजाने 2026 ते 2030 दरम्यान सुमारे 16 लाख लोक कायम होतील. त्यांच्या म्हातारपणाचा खर्च कोण करणार, हे करदात्याने विचारायचं नाही का? आणि 50,270 हा आकडा काही उगाच निवडलेला नाही, इंग्लंडमध्ये तिथून वर 40 टक्के कर लागतो. कमाई निदान मोजता येते. 'समाजाला उपयोग' कोण आणि कसा मोजणार?

मनवा_लीड्स
सरकार मोजतंय की! याच प्रस्तावात एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, डॉक्टर-नर्सना पाच वर्षंच ठेवली आहेत. म्हणजे पगारापलीकडचं काम दिसतं, फक्त केअर वर्करचं दिसत नाही.

जुना_टियर2
हे आधी होऊन गेलंय. 2012 मध्ये थेरेसा मे गृहमंत्री असताना ठरलं की एप्रिल 2016 पासून टियर 2 वाल्यांना (स्किल्ड वर्कर व्हिसाचं तेव्हाचं नाव) कायम व्हायचं तर पगार 35,000 पौंड हवा. बहुतेक नर्सना तेवढा पगार नव्हताच. मुदत जवळ आली तशी नर्सिंग संघटनांनी ओरड केली आणि ऑक्टोबर 2015 मध्ये नर्सना टंचाईच्या, म्हणजे माणसं कमी पडणाऱ्या कामांच्या, यादीत टाकून या अटीतून सोडवलं. अट चुकीची आहे हे कुणी कबूल केलं नाही. ज्यांच्यामागे संघटना होती ते सुटले, बाकीच्यांनी घरं आवरली.

रोखठोक
मुदतीबद्दल एक मान्य करतो. निम्म्या वाटेवर नियम बदलू नयेत. 2006 मध्ये एचएसएमपीवाल्यांची (उच्च कौशल्यवाल्यांसाठीचा तेव्हाचा व्हिसा) मुदत चारची पाच वर्षं केली, तेव्हा आधी आलेल्यांच्या बाजूने 2009 मध्ये कोर्टाने निकाल दिला. पण नव्याने येणाऱ्यांना कमाईची अट सांगून बोलावलं तर अन्याय कसला?

सई_मॅंचेस्टर
अन्याय असा, की पगार कामगाराच्या हातात नसतो. तो स्पॉन्सरच्या, म्हणजे व्हिसा मिळवून देणाऱ्या मालकाच्या, हातात असतो. नोकरी सोडायची तर आधी दुसरा स्पॉन्सर शोधा, मिळाला नाही तर साधारण साठ दिवसांत देश सोडा. अशा माणसाने पगारवाढ कुठल्या तोंडाने मागायची? आणि बाळंतपणाच्या रजेत पगार निम्म्याहून खाली येतो, तेव्हा तीन वर्षांच्या हिशेबाचं काय? माझ्या ओळखीच्या दोघीजणी आत्ता दुसरं मूल होऊ द्यायचं की आयएलआर आधी, याची आकडेमोड करत बसल्यात. आपल्या पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांनी 'आपल्याला काय, आपण 50 हजारांच्या वर' म्हणू नये. प्रस्तावानुसार जोडीदाराचा हिशेब वेगळा होणार आहे. नवरा पाच वर्षांत कायम, बायको घरी मुलं सांभाळते म्हणून ती लटकलेली.

मनवा_लीड्स
यात आणखी एक भर. इथे जन्मून पहिली दहा वर्षं इथेच राहिलेलं मूल ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदवता येतं. मग मूल ब्रिटिश आणि त्याची आई, केअर वर्कर म्हणून, अजून पाच वर्षं तात्पुरती!

रोखठोक
मुलांच्या बाबतीत सवलत हवी, हे पटतं. तेवढ्यापुरता मी तुमच्यासोबत आहे. पण कमाईची अटच काढा म्हणाल, तर त्यावर मी सही करणार नाही.