चर्चिलचं पोर्ट्रेट जाळलं, ते बरोबर होतं का?

जेजेकर:
काल एका गिऱ्हाईकाने वडिलांचं पोर्ट्रेट बघून सांगितलं, गळ्याखालची लोंबती कातडी काढा आणि केस काळे करा. केले, पोट आहे, पण रात्रभर ब्रिटिश चित्रकार ग्रॅहम सदरलंड डोक्यात होता. १९५४ ला चर्चिलची ८० वर्षं झाली तेव्हा ब्रिटिश पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांतल्या सभासदांनी त्याच्याकडून चर्चिलचं चित्र करून घेतलं, फी १००० गिनी (जुनं ब्रिटिश नाणं). चर्चिलला गार्टर या मानाच्या ब्रिटिश किताबाचा झगा घालून बसायचं होतं, पण ठरलं सभागृहातल्या कपड्यांतलं, आणि चित्रात उतरला खुर्चीचे हात घट्ट धरून बसलेला थकलेला म्हातारा. त्याला ते अजिबात आवडलं नाही. चित्र घरी गेलं ते गेलंच. १९७८ ला, बायको क्लेमेंटाईन वारल्यावर, जाहीर झालं की तिच्या संमतीने ते नष्ट केलंय. पुढे कळलं की तिच्या सेक्रेटरीने भावाला सोबत घेऊन जाळलं होतं. माझ्या मते हा गुन्हा आहे.

परळची_लेक:
गुन्हा कसला? १९५३ ला त्याला पॅरालिसिसचा झटका येऊन गेला होता, लोकांपासून लपवलेला. अशा माणसाला वर्षभराने समोर बसवून म्हातारपण रंगवायचं आणि वाढदिवसाची भेट म्हणून द्यायचं? माझ्या आईचं तोंड झटक्याने वाकडं झालं होतं, भाच्याने तेव्हा काढलेला फोटो मी माझ्या फोनमधून डिलीट केला, कुणाला विचारलं नाही, आणि हार घालायला वीस वर्षांपूर्वीचा काढून मोठा करून आणला. घरच्यांना तेवढा हक्क असतो.

जेजेकर:
ताई, तो फोटो तुमच्या घरचा होता. हे चित्र चर्चिलच्या पश्चात पार्लमेंटमध्ये लागावं अशी मूळ कल्पना होती. आणि सदरलंडने खोटं काही काढलं नव्हतं, सरावाची स्केचेस लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहेत, बघा.

फोर्टचा_वकील:
आपल्याकडे शिल्पकार अमरनाथ सहगलांची केस आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ ला सरकारने उखडून टाकलं, मालकी सरकारची, तरी २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने शिल्प त्यांना परत द्यायला लावलं आणि वर पाच लाख भरपाई. विकत घेतलं म्हणजे वाट्टेल ते करता येत नाही.

परळची_लेक:
सरकार म्हणजे बायको नव्हे. तिने त्याच्याबरोबर पन्नासहून जास्त वर्षं काढली होती.

दादरकर:
मला चर्चिलची कीव येत नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली तेव्हा सत्तेवर हाच होता, त्यांचे चेहरे कुणी रंगवले? आपले चित्रकार चित्तप्रसाद आणि झैनुल आबेदिन यांनी काळ्या शाईने, आणि चित्तप्रसादांचं दुष्काळावरचं पुस्तक इंग्रज सरकारने जप्त केलं. राज्य करणाऱ्याचा चेहरा फक्त घरच्यांचा नसतो, ज्यांच्यावर राज्य केलं त्यांनाही तो बघायचा हक्क आहे.

परळची_लेक:
दादरकर, हे पटलं, यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मग पेटीत बंद करून पन्नास वर्षं कुलूप लावायला हवं होतं, जिवंतपणी सगळ्यांसमोर नाही.

जेजेकर:
पेटी चालली असती हो. जाळायला नको होतं एवढंच म्हणतोय मी.

परळची_लेक:
आईचा तो फोटो भाच्याच्या फोनमध्ये अजून आहे. त्याला डिलीट कर असं मी म्हटलेलं नाही. पण भिंतीवर लावू देणार नाही.